शनिवारच्या सामूहिक वाचनाला रहस्यकथा कोणत्या घ्याव्यात? आणि महिन्याचा सिनेमा?

धानवाला_वाचक (साकोली तालुका)
धानाची मळणी आटोपली की गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी रहस्यकथेचं वाचन ठेवायचं आहे. बैठक दीड तासाची, ऐकणारे पंचवीस-तीस, सातवीच्या पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. महिन्यातून एकदा भिंतीवर सिनेमा. अडचणी दोन. लोकं अर्ध्यातून येतात. आणि जुन्या पुस्तकांत पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असते! हलकंफुलकं सुचवा, रक्ताचे पाट नको.

शेवटचं_पान
आधी गोष्टीची जात ओळखा, भाऊ. एक जात 'केलं कोणी?' आणि दुसरी 'केलं ते ठाऊक आहे, आता हा सुटतो कसा?' अर्ध्यातून येणाऱ्याले पहिली जात कधीच झेपत नाही, कारण पुरावा दहाव्या पानावर येऊन गेलेला असतो. दुसरीत शेजाऱ्यानं दोन वाक्यांत सांगितलं की तो गाडीत बसतो. म्हणून पुस्तक पहिल्या जातीचं आणि सिनेमा दुसऱ्या जातीचा, अशी वाटणी करा. सत्यजित राय यांनी स्वतःच्याच 'सोनार केल्ला' या कादंबरीचा 1974 मध्ये सिनेमा केला, तेव्हा पुस्तकात झाकून ठेवलेले बदमाश पडद्यावर लवकरच उघडे करून टाकले. उगाच नाही.

वाचायला याच राय यांचा गुप्तहेर फेलूदा घ्या. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद आहे. मुळात 'संदेश' या मुलांच्या मासिकातून सुरू झालेल्या गोष्टी, त्यामुळे आजोबा आणि नात शेजारी बसले तरी कोणी खाकरत नाही. सांगणारा तोपशे कोवळा पोरगा आहे, त्याच्याच डोळ्यांनी सगळं दिसते; आणि फेलूदाचा लेखक मित्र जटायू आला की हशा ठरलेला.

वेळेचा हिशोब असा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला 120-130 शब्द जातात. पानावर 280 शब्द धरले तर पानाला सव्वादोन मिनिटं, म्हणजे दीड तासात 40 पानं. त्याहून मोठी गोष्ट असेल तर दोन शनिवार करा आणि मधला थांबा एखाद्या प्रश्नावर आणा. प्रकरण संपलं म्हणून थांबू नका.

विलायती अनुवाद सध्या बाजूला ठेवा. वाईट म्हणून नाही, पण आठ संशयित आणि आठही आडनावं परकी असली की ऐकणारा तिसऱ्या पानालाच नाद सोडतो. घ्यायचाच असेल तर फळ्यावर नावं, नाती आणि प्रत्येकाचा धंदा लिहून ठेवा. सहाच्या वर संशयित असलेली गोष्ट कानानं पेलत नाही.

आणि विकत घेण्याआधी एक चाचणी. शेवटची वीस पानं आधी वाचा, मग सुरुवात. गुन्हेगार पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच भेटला पाहिजे, आणि ज्या गोष्टीवरून तो पकडला जातो ती आपल्याही समोरून गेलेली पाहिजे. शेवटी जुळा भाऊ टपकला तर पुस्तक परत. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं 1929 मध्येच लेखकांना बजावलं होतं, जुळा आणायचा तर वाचकाला आधी तयार करा.

मंडईकर
सिनेमाचं मी सांगतो. पहिला 'दृश्यम', निशिकांत कामतचा 2015 चा. गुन्हा डोळ्यांसमोर होतो आणि तरी एक गोष्ट शेवटपर्यंत झाकलेली राहते. शेवटचं पान म्हणतात ती दुसरी जात, अगदी चोख.

'वाळवी' (2023) मला त्याहून आवडतो. परेश मोकाशींनी पात्रं मोजकी ठेवलीत, बेत पक्का ठेवलाय आणि बेत कसा कसा फिसकटतो याचीच गंमत आहे. पण नवरा-बायको आणि आत्महत्येचा विषय आहे. सातवीची पोरं घरी पाठवून लावा.

'दशावतार' (2025) मध्ये पूर्वार्ध सोन्याचा. दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा नट, तोंडाला रंग लावणं, बाप-लेकाचं बोलणं, हे झाडीपट्टीची नाटकं पाहणाऱ्यांना सांगावं लागणार नाही. उत्तरार्धात संदेश जरा जड झालाय, माझ्या मते.

'तुंबाड' भिंतीवर लावू नका. सगळा अंधार आणि पाऊस; स्वस्त प्रोजेक्टरवर काळं ते राखाडी दिसते आणि मग फक्त आवाज ऐकत बसा. लावायचाच तर चांदणी रात्र टाळा, रस्त्याचा दिवा झाका.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. रहस्य बहुतेक एका वाक्यात असते. टिनाच्या शेडमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे मागच्या भिंतीला धानाची रिकामी बारदानं टांगा. स्पीकर पडद्यापाशी, लोकांच्या कानाएवढ्या उंचीवर. परवानगीचंही पाहा: मोबाईलवरच्या अॅपची वर्गणी घरी पाहण्यापुरती असते, गावाला दाखवायला हक्क ज्याच्याकडे त्याची लेखी मंजुरी लागते. आणि दिवाळीनंतर शेजारच्या गावात मंडई (नाटकांची जत्रा) असेल त्या रात्री काहीच ठेवू नका, चिटपाखरू येणार नाही.

बाइंडर_ताई
पेन्सिलीचं. खोडून भागत नाही, दाबून लिहिलेल्याची खोच राहते आणि तिरप्या उजेडात वाचता येते. त्या जागेवर जाड कागदाची पट्टी चिकटवा, वाचनालयाचा शिक्का तिच्यावरच मारा. मैद्याची खळ वापरत असाल तर चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, नाहीतर कसर लागते. हात धुवा, ते विषारी आहे.

नव्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणाला खाकी कागदाचा पट्टा गुंडाळा. पट्ट्याचं टोक पट्ट्यालाच चिकटवायचं, पानाला नाही. स्टेपलर नको, पावसाळ्यात पिन गंजून पानाला डाग पडतो.

पट्टा फाडण्याआधी चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि एक पुरावा. नुसतं नाव असेल तर धरू नका, नाहीतर पोरं सरसकट नोकराचंच नाव लिहितात.

जुना_झुंजार
बाबुराव अर्नाळकरांना काऊन विसरले बाप्पा? हजाराच्या वर पुस्तकं आहेत माणसाची! झुंजार, काळापहाड असे एकेक नायक... वाचन सुटलेल्या माणसाला परत आणायचं औषध आहे ते.

शेवटचं_पान
हाव, पण चिठ्ठ्यांच्या खेळाला नाही. तिथं पुरावा शोधायचा नसतो, मागं धावायचं असते. अर्नाळकर घरी न्यायच्या कपाटात ठेवा, शनिवारी फेलूदा.

धानवाला_वाचक
पट्टा आणि चिठ्ठ्या नक्की करतो. बारदानं तर घरचीच आहेत. ताई, अर्धा किलो मैद्याच्या खळीला मोरचूद किती?

बाइंडर_ताई
एवढी करू नका, आठवड्यात आंबते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, हरभऱ्याएवढा खडा कुटून. मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.