तरुण संघाची नेपाळवारी: सेवा की सहल?

मुरगावकर (धागाकर्ता)

आमची वास्कोतली लहानशी मराठी मंडळी, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च. बेळगाव, कोल्हापूर, सावंतवाडीकडून बंदरात नाहीतर कारखान्यात नोकरीला आलेली घरं. यंदा मंडळीच्या तरुण संघाने टूम काढलीय की दसैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, सुट्टीत नेपाळला, हेटौंडाजवळ, मुलांच्या कॅम्पला जायचं. ॲक्शन साँग्ज, पपेट शो, खेळ, बायबलमधल्या गोष्टी. वास्को-पाटणा गाडीने पाटणा, मग रक्सौल, सीमेपलीकडे वीरगंज आणि पुढे बस. खर्च माणशी पंचवीस हजारांच्या घरात. निम्मा मंडळीच्या मिशन फंडातून, उरलेला हाऊजी (तंबोला) आणि बिर्याणीच्या कुपनांवर.

माझी मुलगीही यादीत आहे, तेव्हा मी प्रवासाच्या विरोधात नाही. पोरांनी जरूर जावं, पण आपापल्या खर्चाने. आणि तिथे गेल्यावर माईक हातात न घेता तिथल्या लोकांच्या हाताखाली राबावं. मिशन फंडात आमच्याकडच्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांचाही दशमांश, कमाईतला दहावा हिस्सा, असतो. कमिटीत हे बोललो तर ‘भाऊ, विश्वासात थंड पडलात’ असं ऐकून घ्यावं लागलं. इथे तरी कोणी मुद्द्याला धरून भांडेल, म्हणून लिहितोय.

शनिवारची_उपासना

ख्रिस्तात सलाम भाऊ. मी नेपाळला जाऊन आलेय, म्हणून दोन शब्द. तिथे शनिवारी सुट्टी असते आणि उपासनाही शनिवारीच. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारच्या आधी झाला, त्यामुळे कित्येक विश्वासणारे (ख्रिस्ती) भर उपासनेत दगावले. अशा मंडळ्यांना बाहेरून कोणी भेटायला आलं की काय वाटतं, ते कमिटीच्या टेबलावर बसून कळायचं नाही. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, ‘जयमसीह’ म्हणायचं, एवढ्यावर ओळख होते. आपल्या पोरांना तर नेपाळी बायबल मोठ्याने वाचता येतं, लिपी एकच. अर्थ निम्मा कळतो, पण समोरची मुलं हसतात आणि चुका दुरुस्त करतात. घरी बसून हे होत नाही. मिशन फंड मिशनला नाही वापरायचा तर काय छपराच्या पत्र्यांना?

डिचोलीकर

मी हिंदू आहे, तुमच्या घरच्या भांडणात पडणं बरं नव्हे, पण धागा सगळ्यांसाठी उघडा दिसला. एकच विचारतो: दसैंच्याच सुट्टीत का? दसैं म्हणजे त्यांचा मोठा सण, माणसं कुठून कुठून घरी येतात, वडीलधारे टिका लावतात. उद्या आमच्याकडे चवथीच्या दिवसांत कोणी परदेशी गट आला आणि गावच्या पोरांना बाहुल्यांचा खेळ दाखवून आपल्या देवाच्या गोष्टी सांगू लागला, तर गणपतीवर फळापानांची माटोळी बांधता बांधता मी काय म्हणेन ते इथे लिहिता येणार नाही.

शिवाय कायदा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१७ ची फौजदारी संहिता ऑगस्ट २०१८ पासून लागू झाली, तिच्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. भारतीयाला व्हिसा लागत नाही म्हणून तो तिथे परदेशी नाही, असं कोणी समजू नये.

शनिवारची_उपासना

डिचोलीकर, कॅम्पला येणारी मुलं विश्वासणाऱ्यांच्या घरचीच असतात. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती पावणेदोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ती घरं टिका लावत नाहीत. सुट्टीत शेजारची सगळी पोरं मामाकडे, झोपाळ्यावर; आणि ही मुलं एकटी पडतात. त्यांच्यासाठीच कॅम्प. हेटौंडा ज्या मकवानपुर जिल्ह्यात आहे, तिथल्या चेपांग आदिवासींच्या वस्त्यांमध्ये मंडळ्या आधीपासून आहेत, पाळक (पास्टर) त्यांच्यातलेच. कोणाला फूस लावायला कोणी जात नाही.

डिचोलीकर

घरचीच मुलं असतील तर माझा निम्मा राग गेला. पण गेटवर शेजारचं पोर खेळ बघायला उभं राहिलं, तर त्याला आत घेणार की हाकलणार? घेतलं तर वर लिहिलेला कायदा. हाकललं तर कसली सेवा? पाळकांनी ह्याचं उत्तर निघण्याआधी द्यावं. तिथे पोलीस आल्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी ते द्यायचं नसतं. आणि तुम्ही रेल्वेने परत याल हो, तिथला पाळक तिथेच राहणार. चौकशीला पहिला त्यालाच बोलावतील.

कॉन्व्हेंटची_पोर

मी मडगावची, कॅथलिक. मराठी शाळेतलं आहे, सांभाळून घ्या. आमच्या बाणावलीशी नातं असलेले संत जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले. तेव्हा डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली, म्हणून मजुराच्या वेषात, लपूनछपून. तमिळ शिकले, सिंहली शिकले आणि १७११ मध्ये कँडीतच वारले. गोव्याला परत आलेच नाहीत. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोला त्यांना संत घोषित केलं. गोव्यातून परदेशी मिशन म्हटलं की माझ्यासमोर ते उभे राहतात. आठवडाभराच्या पपेट शोला तोच शब्द वापरला की मला हसू येतं. सहल म्हणा ना! सहलीला कोणी नावं ठेवत नाही. आम्ही तमिळनाडूत वेलांकणी मातेच्या यात्रेला जातो तेव्हा अर्धा वेळ साड्यांच्या दुकानात असतो, कोणी त्याला मिशन म्हणत नाही.

शनिवारची_उपासना

जुझे वाझ एका रात्रीत तयार झाले नव्हते, बाई. ज्या पोराने वास्कोबाहेरची मंडळी बघितलीच नाही, ते पुढे कुठे आणि कशाच्या जोरावर जाणार?

हिशेबनीस

माझा धंदा ट्रस्टचे हिशेब तपासण्याचा, म्हणून रुक्ष बोलतो. मंडळीचा फंड नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टमध्ये असेल, तर भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकराची सूट आपसूक मिळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. गाडीचं तिकीट इथलं, कॅम्पचा खर्च तिथला, अशी फोड आधी सीएकडून करून घ्या. कमिटीवाले ‘देवाचा पैसा आहे’ म्हणतात, ऑडिटर तसं लिहून घेत नाही. हाऊजीचा हिशेबही वेगळ्या वहीत ठेवा.

शॅकवाला

कळंगुटला किनाऱ्यावर माझा शॅक, म्हणजे झावळ्यांचं हंगामी हॉटेल, आहे. स्वयंपाकघरातली चारही पोरं नेपाळी. मे अखेर शॅक उतरवला की काही गावी जातात, काही पावसाळाभर इथेच एका खोलीत दाटीवाटीने राहतात. ताप आला तर दवाखान्यात बरोबर जायला माणूस नाही. एकाच्या बहिणीला बाळ झालं तेव्हा जन्मदाखल्यासाठी त्याने तीन सुट्ट्या घालवल्या, कारण अर्ज भरून देणारं कोणी भेटेना. वास्को ते कळंगुट बसने दीड-दोन तास. तुमच्या तरुण संघाला पाटणा दिसतं, हे दिसत नाही?

शनिवारची_उपासना

दिसतं. ज्या कॅम्पबद्दल बोलणं चाललंय, त्याचं आमंत्रणच अशा एका पोराकडून आलं. तो हॉटेलात तंदूर सांभाळतो, दर रविवारी आमच्यात येतो आणि संघाला नेपाळी गाणी तोच शिकवतो. ‘माझ्या गावी चला’ म्हणाला, म्हणून ठरलं.

मुरगावकर

ही गोष्ट कमिटीत कोणी सांगितली नव्हती. मग त्या पोराचं तिकीट यादीत आहे का?

शनिवारची_उपासना

नाही. सीझन सुरू होतो, मालक सुट्टी देत नाही.

शॅकवाला

घ्या! ज्याचं गाव तो इथे तंदूरला, आणि हे निघाले त्याच्या घरी पाहुणचार घ्यायला.

कॉन्व्हेंटची_पोर

फोटोंचंही ठरवून जा. काठमांडूत आईबाप जिवंत असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवून परदेशी पाहुण्यांकडून देणग्या उकळल्या गेल्या, ते प्रकरण जगभर गाजलंय. तुमचा कॅम्प तसला नाही, मान्य. पण दुसऱ्याच्या लेकरांना कडेवर घेऊन काढलेला सेल्फी इन्स्टाग्रामवर टाकायचा, ह्याला माझा विरोध आहे.

मुरगावकर

रविवारी उपासनेनंतर कमिटी आहे. फंडातला पैसा फक्त एका तिकिटाला, त्या तंदूरवाल्याच्या, आणि त्याच्या बुडालेल्या पगाराला. बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. शॅकवाले म्हणतात त्या खोल्यांवर संघाने पावसाळ्यात जायचं, हेही मांडतो. पपेट शो रद्द करा असं मात्र म्हणणार नाही. घरात गेला महिनाभर मोज्यांचे उंट शिवणं चाललंय.

डिचोलीकर

गेटवरच्या पोराचं काय ठरलं, तेही कमिटीत विचारा. आणि कॅम्पला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापाची सही घ्या, नेपाळीत लिहिलेल्या कागदावर. ते होईपर्यंत माझं मत विरोधातच धरा.