मिक्सर दुरुस्त करावा की दसऱ्याच्या एक्सचेंजमध्ये द्यावा?

कोथरूडकर:
७५० वॉटचा मिक्सर, नऊ वर्षं जुना. सुक्या खोबऱ्याची चटणी वाटताना मध्येच बंद पडला. आधी आठवडाभर खालून ठिणग्या दिसत होत्या, जळका वास मात्र नाही. दुकानदार म्हणतो, याचे पार्ट मिळत नाहीत, ऑफर आहे तोवर बदलून घ्या. पैशांचा प्रश्न नाही, पण चालण्यासारखी वस्तू भंगारात घालवायची नाही. आधी काय तपासू?

आर्मेचर:
प्लग काढा. तळाशी लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. मोटर तापली की ते बाहेर येतं. १५-२० मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा.

तरीही चालू झाला नाही तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजत जाणारे छोटे ठोकळे. ठिणग्यांवरून माझा संशय तिथेच आहे. तळाचे स्क्रू काढलेत की कॉम्युटेटरच्या (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) दोन बाजूंना दोन कार्बन दिसतील. ५-६ मिमीपेक्षा आखूड उरला असेल तर स्प्रिंग त्याला नीट दाबू शकत नाही आणि ठिणग्या उडतात. एकच झिजलेला दिसला तरी दोन्ही बदला. जुना कार्बन हातात घेऊन तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जा. नुसतं मॉडेल सांगितलंत तर भलत्याच मापाचा गळ्यात पडेल. नवा होल्डरमध्ये अडकत असेल तर कडा पॉलिश पेपरवर हलकेच घासा, कोंबू नका. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर शून्य नंबरचा पॉलिश पेपर फिरवा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी टूथपिकने काढा. मग भांडं न लावता एक नंबरवर मिनिटभर चालवा, म्हणजे कार्बन बसेल. सुरुवातीला बारीक ठिणग्या चालतील. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडंच दिसलं तर आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलं समजा. तिथे रिवाइंडिंगचा, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च विचारूनच पुढे जा.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर दोष कपलरचा, म्हणजे मोटरला भांड्याच्या पात्याशी जोडणाऱ्या चकतीचा. बहुतेक मॉडेलांत त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पार्ट मिळत नाहीत म्हणे! हे दोन्ही पार्ट टोपलीभर पडलेले असतात.

युनिटमोजणी:
'नवा घेतला की वीज वाचते' हेही दुकानात ऐकवतील. हिशोब करा: ७५० वॉट, रोज १० मिनिटं, म्हणजे ०.१२५ युनिट. वर्षाला साधारण ४५ युनिट. यात वाचणार ते काय? अशा वस्तूचा पृथ्वीवरचा भार तिच्यातलं तांबं, पोलाद आणि प्लास्टिक घडवतानाही पडतो. जितकी वर्षं जास्त वापराल तितका तो विभागला जातो.

पंख्याचं गणित मात्र उलट आहे. जुना ७५ वॉटचा, बीएलडीसी (कार्बन नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) सुमारे ३० वॉटचा. दिवसाला १२ तास चालला तर वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात. 'जुनं ते सोनं' तिथे लावू नका.

पेठेतली:
मोटर खरोखरच जळाली तर मिक्सर सुट्या भंगारात देऊ नका. तांब्यावरचं आवरण जाळून काढणारे असतात, तो धूर विषारी. पुण्यात 'स्वच्छ' संस्था ई-कचरा गोळा करते, तिच्याकडे द्या. भांडी मात्र ठेवून घ्या, त्याच कंपनीच्या नव्या मशीनवर बसतात का ते आधी पाहा.

आणि ऑफरबद्दल: एक्सचेंजची सूट छापील किमतीवर सांगतात. एक्सचेंजशिवाय तोच मिक्सर केवढ्याला, एवढं विचारा. फरक बऱ्याचदा किरकोळ निघतो.

कोथरूडकर:
एक कार्बन ४ मिमी उरला होता, दुसरा ७. दोन्ही बदलले, चालू झाला. आता खोबऱ्याचं काय करू?

आर्मेचर:
किसून, भाजून, पूर्ण गार झाल्यावरच घाला. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. पल्सवर १०-१० सेकंद, मध्ये चमच्याने कडा सोडवायच्या. गरम खोबऱ्याला तेल सुटतं, गोळा पात्याला धरतो आणि मोटर ओढायला लागते.