एआय आधी की नेटवर्क?

प्रश्न: अंधेरीत ४० जणांचं ऑफिस. मालकांना सगळ्यांसाठी एआय सबस्क्रिप्शन हवंय, पण वायफाय दुपारी रडतं. पैसे आधी कुठे घालावेत?

उत्तर: एआय चॅटला बँडविड्थ फारशी लागत नाही. लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. तिथे नीट असेल तर लाइन वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात. दोष बहुधा ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफाय सिग्नल देणाऱ्या डब्याचा. नवे घेताना स्विचचं (केबली जोडायच्या डब्याचं) पीओई बजेट, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच तो किती वीज देऊ शकतो ते, आणि प्रत्येक पोर्टची वॅट मर्यादा बघा. १५.४ वॅटचा पोर्ट ३० वॅटवाल्या ॲक्सेस पॉइंटला पुरत नाही, मग तो कमी ताकदीवर चालतो किंवा रीस्टार्ट होत बसतो.

उत्तर: एआयच्या ४० सीट (माणशी एक सबस्क्रिप्शन) नकोतच! ८ जणांना महिन्याच्या प्लॅनवर द्या, आधी एक कोटेशन बनवायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा, म्हणजे नंतर फरक कळेल.

उत्तर: बॅकअपला दुसरी इंटरनेट लाइन घ्याल तर वेगळ्या मार्गाने येणारी. एकाच डक्टमधल्या (जमिनीखालच्या पाइपमधल्या) दोन्ही फायबर एका खोदकामात जातात.