बारा ब्लाइंड उरलेत आणि हातात गुलामांची जोडी: सगळे ढकलायचे की दमाने घ्यायचे?

मांडवीपार

गेल्या महिन्यात पणजीच्या एका पोकर स्पर्धेत मी १९वा आलो. बक्षिसे १८ जणांना होती. मी बाद झालो तो एक्का-पंजीवर, पण खरा घात त्याआधी अर्ध्या तासावरच्या डावात झाला. तो डाव मांडतो.

वीसजण उरले होते. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, २,०००-४,०००; त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड. वर त्याच खेळाडूची ४,००० अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची रक्कम. टेबलावर नऊजण, बोलायची पहिली पाळी माझी. समोर ४८,०००, म्हणजे बारा बिग ब्लाइंड. पत्ते उचलून पाहिले तर दोन गुलाम.

मी पैज वाढवून ८,००० केली. बटणावरच्याने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरच्याने, तेवढेच भरले, बिग ब्लाइंडनेही भरले. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांचे सामाईक पहिले तीन पत्ते, आला: बदाम राजा, किलवर सत्ती, चौकट तिर्री. बिग ब्लाइंडने १५,००० पुढे सरकवले. माझा हात चिप्सवर होता आणि नजर त्या राजावर. टाकले पत्ते. बटणावरच्यानेही टाकले. मग बिग ब्लाइंडने उलगडून दाखवले: इस्पिक सत्ती-पंजी, म्हणजे नुसती सत्तीची जोडी!

पुढच्या दोन डावांत ब्लाइंड आणि अँटीत १०,००० गेले, राहिले ३०,०००. लेव्हल, म्हणजे ठराविक वेळेचा टप्पा, बदलून ब्लाइंड ३,०००-६,००० झाले आणि मी पाच ब्लाइंडवर आलो. मग एक्का-पंजी हाच मोठा हात वाटायला लागला.

आता माझे ठाम मत आहे: बारा ब्लाइंडवर, आधी कुणी रेझ केलेले, म्हणजे पैज वाढवलेली नसताना, गुलामांची जोडी सरळ ऑल-इन करावी, सगळ्या चिप्स लावाव्यात. दुसरी खेळीच नाही. सत्ती-पंजीवाला ४४,००० भरून आला असता का?

किलवर_नाशिक

अजिबात पटले नाही. तुम्ही ८,००० केलेत तिथे चूक नव्हतीच. चूक झाली फ्लॉपवर.

हिशोब करा. फ्लॉपला पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३०,००० होते, त्यात त्याच्या १५,००० ची भर. तुमच्याकडे ४०,००० शिल्लक. सगळे लावले असते तर एकूण पॉट १,१०,००० चा, म्हणजे १०० पैकी ३६ वेळा जिंकलात तरी बरोबरी. सत्ती असेल, मधली जोडी असेल, काही वेळा तो नुसताच दामटत असेल. राजा दिसला म्हणून तुम्ही घाबरलात आणि आता दोष प्रीफ्लॉपला, म्हणजे फ्लॉपआधीच्या खेळीला, देताय.

दुसरे, पहिल्या जागेवरून ऑल-इन केले की तुमच्यापेक्षा कच्चे हात पळून जातात. छोटे रेझ केले की एखादा एक्का-दश्शी, अठ्ठ्यांची जोडी घेऊन अंगावर येतो. तो आला की भरायचे. गुलाम काही वर्षातून एकदाच येत नाहीत हे खरे, पण आले की त्यांची कमाई तरी नीट करा.

मांडवीपार

फ्लॉपवर घाबरलो हे मान्य, पुरते मान्य. पण तसा प्रसंग ओढवून का घ्यायचा? हातात गुलामांची जोडी असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पत्ता पडतो १०० पैकी ५७ वेळा. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा मी त्याच खुर्चीत तसाच घामाघूम बसणार.

आणि अंगावर कोण येतो? बारा ब्लाइंडवाला पहिल्या जागेवरून नुसते दुप्पट करतो तेव्हा जाणता खेळाडू सावध होतो, अठ्ठ्या घेऊन उडी मारत नाही. येतो तो बिग ब्लाइंड. त्याला आणखी ४,००० भरायचे आणि पॉटमध्ये आधीच २६,००० पडलेले. त्या भावात मीही सत्ती-पंजी खेळेन.

ऑल-इनचे गणित मी कागदावर केले. समजा एक्का-राजा, एक्का-राणी आणि नव्व्यांपासून वरच्या जोड्या एवढेच हात मला भरतील. आठही जण पत्ते टाकतील अशी वेळ तीनपैकी दोनदा येते. तेव्हा काही न दाखवता १०,००० माझे, म्हणजे स्टॅकमध्ये, माझ्या चिप्सच्या ढिगात, २० टक्क्यांहून जास्त भर. भरलेच कुणी, तर माझी बाजू साधारण निम्मी-निम्मी. ज्याची सगळ्यांना धास्ती, ती राणी-राजा-एक्क्याची जोडी आठांपैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास.

बदामराणी

दोघेही चिप्स मोजताय. वीसजण उरलेत आणि १८ जणांना पैसे आहेत, हे कुणीच मोजत नाही.

४८,००० चे एक लाख झाले म्हणून बक्षिसातला तुमचा वाटा दुप्पट होत नाही. शून्य झाले की मात्र पूर्ण शून्य. आयसीएम, म्हणजे चिप्सची किंमत बक्षिसाच्या पैशांत मोजायची पद्धत, म्हणतात ते हेच. त्यामुळे मांडवीपार, तुमचा पहिला प्रश्न असायला हवा होता: माझ्यापेक्षा लहान स्टॅक किती आहेत? दुसऱ्या टेबलावर दोघे तीन-चार ब्लाइंडवर लटकत असतील तर माझे सगळे आडाखे बदलतात.

तरीही पहिले रेझ स्वतः करायची वेळ असेल तर गुलाम मी टाकणार नाही, तिथे ऑल-इनला माझा पाठिंबा. माझा विरोध तुमच्या सूराला आहे, कारण हाच नियम लोक एक्का-राणीला लावतात आणि मातीत जातात. पहिल्या जागेवरून एकाने रेझ केले आहे, तुमच्याकडे बारा ब्लाइंड आणि एक्का-राणी: टाका. स्वतः पहिली पैज लावायला जो हात पुरतो, तो दुसऱ्याच्या पैजेला तोंड द्यायला पुरत नाही. पोकरवर पुस्तके लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी याला 'गॅप' म्हटले आहे. एक्का-राजासमोर एक्का-राणी जेमतेम चारातून एकदा जिंकते. दश्श्यांच्या जोडीसमोरही ती मागेच असते. मी स्वतः बबलवर, म्हणजे बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर, हा हात भरून दोनदा बाहेर पडले आहे, दोन्ही वेळा समोर एक्का-राजा.

सबुरी

माझे मत सगळ्यांच्या उलट. बबलवर बारा ब्लाइंड म्हणजे भरपूर. गुलामही टाकावेत, दोघांना बाहेर जाऊ द्यावे, मग खेळावे. जॅक स्ट्रॉस यांनी १९८२ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा एका चिपवरून परत येऊन जिंकली. जिवंत राहणे हीच पहिली खेळी.

मांडवीपार

दादा, तुमच्या वयाचा मान राखून सांगतो, हे मला मुळीच मान्य नाही. ती एक चिप त्यांनी जपून ठेवली नाही, तीच लावत लावत ते वर आले.

आणि वाट कशाची बघायची? गुलाम किंवा त्याहून मोठी जोडी सरासरी ५५ डावांतून एकदा येते. प्रत्यक्ष टेबलावर, अर्ध्या तासाच्या लेव्हलला डाव होतात १२ ते १५. म्हणजे पुढच्या तशा हाताला चार लेव्हल. तोवर बारा ब्लाइंड टिकतात का? ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन पोकर थांबले, तेव्हापासून मला वर्षातून दोनदा गोवा, एवढेच खेळायला मिळते. तिथे गुलाम टाकून शेजाऱ्यांच्या बाद होण्याची वाट बघत बसणे मला जमणार नाही.

बदामराणी, एक्का-राणीचे मात्र मी वहीत लिहून घेतले. लहान स्टॅक मी त्या दिवशी मोजलेच नव्हते. दुसऱ्या टेबलाकडे मान वळवून पाहिलेसुद्धा नाही.

किलवर_नाशिक

बारावर तुमचे खरे धरू. पंधरा-सोळा ब्लाइंड असतील तर मी अजूनही छोटेच रेझ करेन, आणि राजा पडला तरी पत्ते सोडणार नाही. सोळावर तुम्ही काय कराल ते सांगा.

मांडवीपार

सोळावर पहिल्या जागेवरून छोटे रेझ. बटणावरून असेल तर ऑल-इन. बाकीच्या जागांचा हिशोब रविवारी करून इथेच टाकतो.