शब्दचर्चा: ‘सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील’ उपचार म्हणजे नेमके काय?

प्रश्न

एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या व्यावसायिक परिचयाचा मराठी मजकूर तयार करण्याचे काम हाती आहे. त्या पीएच.डी. असून दोन भाषांमध्ये थेरपी देतात. त्यांच्या मूळ परिचयात ‘कल्चरली सेन्सिटिव्ह थेरपी’ असा शब्दप्रयोग आहे आणि त्यासाठी मी ‘सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील उपचारपद्धती’ असे लिहिले आहे. व्याकरणात खोट दिसत नाही, तरीही वाचताना काहीतरी खटकते. शिवाय त्यांना ‘द्विभाषी’ म्हणावे की ‘द्विभाषिक’, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

खटकण्याचे कारण ‘संवेदनशील’ या शब्दाच्या आजच्या वापरात आहे. वर्तमानपत्री मराठीत ‘संवेदनशील भाग’, ‘संवेदनशील मतदान केंद्र’, ‘संवेदनशील प्रकरण’ असे प्रयोग इतके रुळले आहेत की, माणसाखेरीज दुसऱ्या कशालाही हे विशेषण लागले, की वाचकाला तेथे काहीतरी भडकण्याची शक्यता आहे असे वाटते. कवी संवेदनशील असतो तेव्हा तो हळवा असतो, पण वस्ती संवेदनशील असते तेव्हा तेथे बंदोबस्त असतो. त्यामुळे ‘सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील उपचार’ हे शब्द वाचून, या उपचारांमुळे कोणाच्या तरी भावना दुखावतील की काय, असा अर्थ सहज निघू शकतो.

आता मूळ कल्पना पाहू. येथे उपचार हळवे नसतात. उपचार करणाऱ्या व्यक्तीला समोरच्या माणसाच्या संस्कृतीचे भान असते. ते भान प्रत्यक्षात कसे दिसते, याचे एक उदाहरण देतो. एखादी मराठीभाषक स्त्री ‘माझा जीव घाबरा होतो’ असे सांगते. हे वाक्य शब्दशः दुसऱ्या भाषेत नेले, तर ऐकणारा ‘कशाची भीती वाटते?’ असे विचारील आणि ती ‘कशाचीच नाही’ असे उत्तर देईल. ते उत्तर खरेच असते, कारण तिला भीतीविषयी बोलायचेच नसते. छातीत धडधड, गुदमरल्यासारखे वाटणे, एका जागी बसवत नसणे, असे सगळे मिळून ती एका वाक्यात सांगत असते. ‘मन लागत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘कसेतरीच होते’ या तक्रारींचेही असेच आहे. उलट ‘डिप्रेशन आले आहे’ असे म्हणणाऱ्याला कधी कधी केवळ दोन दिवसांची मरगळ आलेली असते. जिला दोन्ही भाषा येतात ती मानसशास्त्रज्ञ येथे ताबडतोब निदानाकडे वळत नाही. ‘घाबरा होतो म्हणजे नेमके काय होते, कधी होते, घरच्यांना तुम्ही हे कसे सांगता?’ असे विचारते.

यातला शेवटचा प्रश्न माझ्या पदरचा नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. आपली अडचण आप्तांना किंवा आपल्या समाजातील लोकांना तुम्ही कोणत्या शब्दांत सांगाल, अशा आशयाचा प्रश्न तीत आरंभीच येतो. म्हणून माझी सूचना अशी, की ‘संस्कृतीचे भान ठेवून केलेले मानसोपचार’ असे सुटसुटीत लिहावे.

प्रतिसाद २

‘भान’ उत्तम आहे. मात्र याच क्षेत्रात ‘कल्चरल कॉम्पिटन्स’ हाही शब्द चालतो आणि काही मराठी मजकुरांत दोन्हींचे भाषांतर एकच केलेले दिसते, ते टाळावे. ‘सांस्कृतिक सक्षमता’ म्हटले, की अभ्यासक्रम पुरा करून मिळवण्याजोगे कौशल्य डोळ्यांपुढे येते. याच कारणाने मेलनी टर्व्हॅलन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ साली ‘सांस्कृतिक नम्रता’ ही कल्पना मांडली. समोरच्याच्या संस्कृतीविषयी आपले शिकणे कधीच पुरे होत नाही आणि आपले पूर्वग्रह आपणच सतत तपासायचे असतात, असा तिचा गाभा आहे. समोरची व्यक्ती आपलीच भाषा बोलते, म्हणून तिचे घरही आपल्यासारखेच असेल असे धरून चालणे, हा मला तर दोन भाषा जाणणाऱ्या उपचारकापुढचा सर्वांत मोठा सापळा वाटतो.

प्रतिसाद ३

‘द्विभाषिक’ लिहावे. ‘द्विभाषी’ चुकीचा नाही, पण तो ‘दुभाषी’च्या फार जवळ जातो, आणि दुभाषी म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा मध्यस्थ. (१९५६ ते १९६० या काळातील द्विभाषिक मुंबई राज्यामुळे जुन्या वाचकांना हा शब्द राजकीय वाटेल, तेवढे चालवून घ्यावे.) हा फरक शब्दापुरता नाही. दुभाष्याच्या मदतीने चाललेल्या सत्रात खोलीत तिसरा माणूस असतो. द्विभाषिक मानसशास्त्रज्ञाकडे तो नसतो आणि बोलणारी व्यक्ती वाक्याच्या मध्येच भाषा बदलू शकते. ती कोठे बदलते, हेही उपचारात महत्त्वाचे ठरते. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवरील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी मोठी माणसे रागावताना वापरतात तशी वाक्ये मातृभाषेत ऐकली, की त्यांच्या त्वचेची विद्युत प्रतिक्रिया, म्हणजे भावना चाळवल्याची शारीरिक खूण, इंग्रजीतील तशाच वाक्यांपेक्षा तीव्र होत असे. मग दुःखाचा प्रसंग कोणी परभाषेत सांगू लागले, तर त्याला तो सांगण्यापुरते अंतर हवे असेल, अशीही शक्यता धरावी लागते.

प्रतिसाद ४

परिचयातील इतर शब्दही सांभाळावेत. पीएच.डी. असल्यामुळे नावामागे ‘डॉ.’ येईल आणि पुढे ‘मानसोपचारतज्ज्ञ’ लिहिले, तर वाचक त्यांना औषधे लिहून देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ समजतील. मानसशास्त्रज्ञांना बहुतेक ठिकाणी तो अधिकार नसतो. म्हणून ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ लिहावे. ‘इंटर्नशिप’साठी ‘आंतरवासिता’ हा शब्द रूढ आहे. ‘क्लायंट’ तसाच ठेवावा, कारण ‘अशील’ वकिलाचा असतो आणि ‘ग्राहक’ दुकानाचा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आता मजकूर असा केला आहे: ‘डॉ. — या द्विभाषिक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली आंतरवासिता पूर्ण करून त्यांनी व्यवसायाचा परवाना मिळवला आहे. क्लायंटची भाषा, कुटुंब आणि श्रद्धा यांचे भान ठेवून त्या मानसोपचार करतात.’

प्रतिसाद २

‘श्रद्धा’ऐवजी ‘जगण्याची रीत’ केल्यास बरे होईल. श्रद्धा नसलेली माणसेही त्यांच्याकडे येतील.