प्रतिसाद: पाय बुडतात म्हणून जोरात मारू नका

फ्रीस्टाइल पोहताना पंचवीस मीटरातच दम लागतो, पाय खाली जातात, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर वरच्या भाऊंनी पाय आणखी जोरात मारायचा सल्ला दिलाय. मला तो पटत नाही. मांडीचे स्नायू मोठे, ते भरपूर ऑक्सिजन खातात. दम अजून लवकर लागेल.

मूळ डोक्यात आहे, म्हणजे खरोखरच्या डोक्यात! समोरची भिंत बघत पोहलात की डोकं वर येतं आणि कंबर-पाय खाली जातात. नजर तळाकडे, मान सैल. अमेरिकेची ऑलिंपिक जलतरणपटू केटी लेडेकी हिने २०२० मध्ये डोक्यावर चॉकलेट दुधाचा ग्लास ठेवून तलावाची एक लांबी पार केली होती; डोकं किती स्थिर राहू शकतं ते त्या व्हिडिओत दिसतं.

श्वासाचं म्हणाल तर बहुतेकांना हवा कमी पडत नाही, आतली बाहेर जात नाही. तोंड पाण्यात असतानाच नाकातून बुडबुडे सोडत राहा. मग तोंड वळवल्यावर फक्त आत घ्यायचं उरतं. वळताना गॉगलची एक काच पाण्यातच हवी, आणि मान एकटी नाही, खांदा-कंबरेसकट वळायचं.

हात डोक्यासमोर आडवा न जाता खांद्याच्या रेषेत टाका. कोपर वर ठेवून पंजापासून कोपरापर्यंतच्या अख्ख्या हाताने पाणी मागे ढकला. मुठी बंद करून एक-दोन लांब्या मारा, फरक लगेच कळतो.

आणि हे मे महिन्यात संध्याकाळच्या बॅचला करू नका बाप्पा. तेव्हा अर्धं नागपूर पाण्यात असतं. पहाटेची बॅच बघा.