टेक्सास: घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, इच्छापत्र नाही. बायकोला घर सोडावं लागेल का?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण ह्यूस्टनजवळ शुगर लँडला असते. तिचे यजमान मार्चमध्ये अचानक गेले. घर त्यांनी लग्नाआधी घेतलेलं, डीडवर (मालकीच्या दस्तावर) एकट्याचं नाव. कागदपत्रांची फाइल दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडली, पण इच्छापत्र काही मिळालं नाही. ताईची मुलगी 9 वर्षांची आहे. यजमानांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा 26 चा, डॅलसला असतो. पोरगा वाईट नाही, पण "घर विकून वाटे करून टाकू" म्हणतोय. वर क्रेडिट कार्डवाल्यांची पत्रं सुरू झालीत. ताई रोज फोनवर एकच विचारते, "मला निघावं लागेल का गं?" वकील कुठला गाठायचा? आणि हे होमस्टेड म्हणजे नक्की काय?

केटीकर:
आधी ताईंना सांगा, कुठेही जायचं नाही आणि कशावरही सही करायची नाही.

मालकी कोणाची आणि राहायचा हक्क कोणाचा, हे टेक्सासमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. लग्नाआधीचं घर म्हणजे त्यांची स्वतंत्र मालमत्ता. इच्छापत्र नसेल तर त्यात बायकोला एक तृतीयांशाचा फक्त हयातीपुरता हक्क मिळतो, बाकी सगळं मुलांचं. म्हणजे मुलगा आणि तुमची भाची, दोघं सारखे वारस. हे वाचून धडकी भरते, पण पुढचं वाचा. राज्यघटनेच्या 16व्या प्रकरणातलं 52वं कलम म्हणतं की मागे राहिलेला जोडीदार त्या घरात राहतोय तोवर, अगदी मरेपर्यंत, वारसांना घराची वाटणी मागता येत नाही. घर कोणाच्या पैशाचं होतं, याचा तिथे संबंध नाही.

क्रेडिट कार्डवाले या घराला हात लावू शकत नाहीत. जोडीदार किंवा अज्ञान मूल मागे असेल तर घर त्या देण्यातून सुटतं. घराचं कर्ज, प्रॉपर्टी टॅक्स आणि घरावर रीतसर चढवलेले काही बोजे मात्र सुटत नाहीत.

साखरपेरणी:
होमस्टेड म्हणजे टॅक्समध्ये मिळणारी सूट ना? आम्ही घर घेतल्यावर अप्रेझल डिस्ट्रिक्टला, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाला, फॉर्म भरला होता.

केटीकर:
नाव एकच, गोष्टी दोन. तुमचा फॉर्म करसवलतीचा. मी वर सांगितलं ते राहत्या घराचं होमस्टेड संरक्षण घरात राहण्यामुळे मिळतं, त्याला फॉर्म लागत नाही. ते जुनं आहे, टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हाच्या 1839 च्या कायद्यापासूनचं. कर्जबाजारी माणसाच्या बायकापोरांच्या डोक्यावरचं छप्पर सावकाराने नेऊ नये म्हणून आलेलं. सवलतीचंही बघून घ्याच. गेलेल्या व्यक्तीला वयाच्या 65 नंतर मिळणारी, कर वाढू न देणारी मर्यादा लागू असेल आणि जोडीदार त्या वेळी 55 किंवा जास्त वयाचा असेल, तर अर्ज करून ती पुढे चालू ठेवता येते.

निळी_छत्री:
मी यातून गेलेय, म्हणून लिहिते. हक्क आहे, पण फुकट नाही. प्रॉपर्टी टॅक्स, कर्जावरचं व्याज आणि डागडुजी राहणाऱ्याकडे. मुद्दल वारसांकडे. आमच्याकडे यावरूनच वाजलं, कारण हप्ता एकच जातो आणि त्यातलं व्याज किती, मुद्दल किती हे कोणी बघत नाही. दर महिन्याचं स्टेटमेंट जपून ठेवा. लग्नानंतरच्या पगारातून मुद्दल फिटलं असेल तर त्याची भरपाई मागता येते, तेव्हाही हेच कागद लागतात.

दुसरं. दीड महिन्यात माझ्याकडे "तुमचं घर रोख घेतो" अशी अकरा पोस्टकार्डं आली. एकावर चक्क हाताने लिहिल्यासारखं अक्षर आणि "शोक व्यक्त करतो". सगळी कचऱ्यात टाकली.

मायामीची_मावशी:
आमच्या फ्लोरिडात बायकोला हयातीचा हक्क किंवा त्याऐवजी अर्धी मालकी निवडता येते, मृत्यूपासून 6 महिन्यांच्या आत.

केटीकर:
मावशी, ते फ्लोरिडापुरतं. टेक्सासवाल्यांनी कृपया गोंधळ करून घेऊ नये.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. कर्ज देणारी कंपनी ताईशी बोलतच नाही, "तुमचं नाव खात्यावर नाही" म्हणते. आणि वर्षश्राद्धाला ती दोन महिने पुण्याला आली तर हक्क जातो का?

केटीकर:
परत यायचं असेल तर जात नाही. कायमचं सोडायचा इरादा दिसला तर जातो. त्यामुळे सामान तिथेच, वीज-पाणी चालू, मुलीची शाळा तीच.

कंपनीला लेखी कळवा की मी सक्सेसर इन इंटरेस्ट (घरातला हक्क जिच्याकडे आला ती व्यक्ती) आहे, सोबत मृत्यूचा दाखला आणि विवाहाचा दाखला जोडा. एप्रिल 2018 पासूनच्या केंद्रीय नियमाने, खातरजमा झाली की त्यांना ताईंना कर्जदारासारखंच वागवावं लागतं. मालकाच्या मृत्यूने घर तिथे राहणाऱ्या नातेवाइकाकडे आलं म्हणून सगळं कर्ज एकदम भरा, असं म्हणायलाही 1982 च्या कायद्याने मनाई आहे. हप्ते मात्र थांबवू नका.

वकील प्रोबेटचाच, म्हणजे मृत्यूनंतरच्या मालमत्तेची कोर्टातली कामं करणाराच, बघा. घर घेताना कागद केलेला किंवा व्हिसाचा नको. टेक्सास बारची (तिथल्या वकिलांच्या संघटनेची) वकील सुचवणारी लॉयर रेफरल सेवा आहे, तिथून फोर्ट बेंड काउंटीतला मागा. वारस कोण हे कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागेल. भाची अज्ञान असल्यामुळे तिचा वाटा कोर्टाला विचारल्याशिवाय विकता येत नाही, हे मुलालाही वकिलाकडूनच कळू दे. घरच्यांनी सांगितलं की भांडण वाटतं.

उंबरठा:
सोमवारची वेळ मिळाली. मुलगाही येतोय, ताईनेच बोलावलंय. म्हणाली, "त्याचेही बाबा होते."